एकोणपन्नासावा दात

माघ वद्य ५, शके १८६५

दादानं सोलापुराहून ही कोरी वही पाठवली तेव्हा वाटलं होतं, हिच्यात मी काय लिहिणार? मोगलाईत पडलेल्या बाईच्या घरात लिहिण्यासारखं घडतं काय! आज घडलं. आमच्या मळ्यात रहाट फिरला. पटवाऱ्याच्या निजामी कागदावर सध्या फरवर्दी की कसला महिना चालू आहे, पण मी आपली पंचांगातली तिथीच लिहिणार.

हा रहाट माझ्या डोक्यातून निघाला, हे आधी नोंदवून ठेवते. दिवाळीच्या सुमारास बुळकांडीच्या साथीत आमचा एक बैल गेला. मोट ओढायला जोडी लागते. उरलेला एकटा हौशा विहिरीच्या उतरत्या धावेवरून चामड्याची भरली मोट कशी ओढणार? आणि विड्याच्या पानांचा मळा तर पाण्याशिवाय चार दिवस दम धरत नाही. सासूबाईंच्या हातचा मळा आहे तो. मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांनी लावलेली पानं उमरग्याच्या बाजारात अजून नावाजतात.

माझे मामा महांतप्पा अक्कलकोटाकडं असतात. त्यांच्या पडक्या विहिरीवर लोखंडी रहाट गंजत पडला होता. त्याला एकच बैल पुरतो. बैल गोल फिरतो, त्याच्याबरोबर आडवं मोठं चाक फिरतं, त्याचे दात उभ्या धाकट्या चाकाच्या दातांत अडकतात, ते चाक डब्यांची माळ ओढतं आणि पाणी वर येतं. मी हट्ट धरला. ह्यांनी मान डोलावली (हे कशालाही मान डोलावतात). मामांनी पाडव्यापर्यंत वापरून बघायला रहाट दिला. येताना ओढ्यात गाडी कलंडली आणि मोठं चाक फुटलं. लढाईमुळं लोखंड कुठलं मिळायला! मग हनीफ मिस्त्रींनी बाभळीचं मोठं चाक केलं आणि त्याला लाकडाचेच दात बसवले. धाकटं चाक मामांचंच, लोखंडी.

आज पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात पडलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या. मग आप्पा दिसले म्हणून पदर ओढून घेतला. आप्पा म्हणजे माझे सासरे, नागप्पा. सगळं घर त्यांना आप्पा म्हणतं, मीही. तीस वर्षं मोट हाकली त्यांनी. त्यांनी रहाटाकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि रिकाम्या धावेवर जाऊन बसले.

पाडव्यापर्यंत रहाट चालला तर आपला. नाही चालला तर मामांची गाडी येऊन घेऊन जाईल, मळा वाळेल आणि मी आयुष्यभर 'सोलापूरची शहाणी' म्हणून ऐकून घेईन.

माघ वद्य ९

रहाट छान चाललाय. विठाबाई शेजारीण मुद्दाम बघायला आली. "अगं बया, ह्यो बैल घाण्याला जुपल्यागत फिरतोय आन् पानी येतंय!" म्हणाली. मी असं तोंड केलं, जणू सोलापुरात दर घरी रहाट असतो.

आप्पा तासन् तास तिथंच बसलेले असतात. काल लोखंडी चाकाकडं एक डोळा मिटून बघत होते. नजर लावतात की काय, असं मनात आलं. आज मी पाण्याची घागर घेऊन जाताना त्यांनी विचारलं, "कस्तुरा, दात किती गं मोठ्या चाकाला?"

"अठ्ठेचाळीस, आप्पा."

"आन् ल्हान्याला?"

"बत्तीस."

"हं," म्हणाले आणि परत एक डोळा मिटला. मोटेला दात नसतात, एवढंच त्यांना म्हणायचं असणार.

महाशिवरात्र

उपास आणि वर हा ताप. एक दात मोडला. हनीफ मिस्त्रींनी जास्तीचे दात करून ठेवले होते, त्यांतला एक ठोकला आणि रहाट पुन्हा चालू झाला. "नवी नवरी आन् नवं चाक, पयल्यानं कुरकुर करतंच," असं मिस्त्री म्हणाले. मी हसले नाही.

फाल्गुन शुद्ध ४

पुन्हा मोडला. तोच! मी त्या दाताशेजारी काजळाचं बोट लावून ठेवलं होतं, म्हणून खात्रीनं सांगते. जुना मोडला तिथंच नवा मोडला. लाकूड वाईट म्हणावं तर शेजारचा दात त्याच खोडाचा आणि ठणठणीत आहे.

आणखी एक. दिव्याचं एरंडेल निम्मं झालंय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी पितो का एरंडेल?" गोठ्यात आप्पांच्या बाजेखाली बाभळीच्या ढलप्या पडलेल्या दिसल्या. बाभळीच्या! आप्पांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. विचारलं तर म्हणाले, "विळा लागला." विळा भिंतीवर अडकवलेला, त्यावर धूळ.

मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवते.

फाल्गुन शुद्ध १०

आता तीन दात झाले. तीन जागा, आणि नेमक्या सारख्या अंतरावर. विठाबाईनं चाकाकडं पाहून हातच जोडले. "तीन जागी तीन दात. येडाईचं तिरशूळ हाय गं ह्ये. येरमाळ्याला नारळ दे." नारळाला माझी ना नाही, पण देवीला आमच्या चाकाचे दात मोडून काय मिळणार? शिवाय देवीला काही मोजून मोडायची गरज नाही.

मोजून मोडतं ते माणूस. चाक आपणहून असल्या नेमक्या जागा निवडत नाही आणि सगळे दात एकाच मिस्त्रीचे. मग त्या तिघांवरच राग कुणाचा? ज्याची मोट बंद पडली त्याचा.

असं लिहू नये. पण मनात आलं ते आलं.

होळी

पोळ्या तशाच झाकून ठेवल्या. रहाट सकाळपासून बंद, आणि हे खांद्यावर कावड घेऊन विहिरीतून पाणी शेंदून वेलींना घालताहेत. खांदा सोलून निघालाय. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, "वेलींचं बघ आदी."

हनीफ मिस्त्री दात बसवायला आले होते. बसवता बसवता थांबले आणि डोकं खाजवून म्हणाले, "वैनी, म्या तुमाला दात दिले चार. मोडलेले तुकडे तर तुमी मला सात-आठ दाखवले. माझ्या दाताला पिल्लं हुतात का काय?" आणि स्वतःच हसत सुटले. मिस्त्रींना मोजता येत नाही की मला, देव जाणे. मला थट्टेची हौस नव्हती. चहा दिला आणि आत आले.

फाल्गुन वद्य ४

आज मी सोक्षमोक्ष लावला.

काल दिवेलागणीला रहाटाभोवती रांगोळीची पांढरी पूड बारीक पसरून ठेवली. सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. पावलं होती. अनवाणी, आणि डाव्या पायाला करंगळी नाही. आप्पांची डाव्या पायाची करंगळी तरुणपणी मोटेच्या जाड नाड्यात अडकून तुटली, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे म्हणाले, "आप्पा तसं करणार न्हायत." एवढंच. मला कारण हवं होतं, त्यांच्याकडं कारण नव्हतं. नुसतं 'न्हायत'.

जेवायला बसले दोघं. मी वाढत होते. तोंड आवरलं नाही. भिंतीकडं बघून मी म्हणाले, "कुणाला रहाट नकोसा झाला असला तर तोंडावर सांगावं. अंधारात उठून दात कशाला मोडावेत?"

आप्पांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. आप्पांनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकर तशीच. उठले, घोंगडी घेतली आणि गेले.

मी बरोबर केलं. खरं ते खरं. मग मी पुन्हा पुन्हा दाराकडं का बघतेय?

फाल्गुन वद्य ५

आप्पा आले नाहीत. गावाबाहेरच्या मठात आहेत म्हणे.

फाल्गुन वद्य ११

आता ऐका मजा. आप्पा मठात जाऊन बसले तर दात मोडायचे थांबायला हवेत की नाही? उलट वाढले! आधी चार-सहा दिवसांनी एखादा मोडायचा, आता रोजचं झालंय. म्हणजे जाता जाता त्यांनी चाकात काहीतरी करून ठेवलं असणार. मिस्त्री चाक खालून वरून बघून गेले, त्यांना काही सापडलं नाही. आणि दात आता कोरडे पडून करकरतात, पूर्वी कसे तुळतुळीत असायचे.

पानं पिवळी पडायला लागली. वरची कोवळी पानं दुपारी मान टाकतात. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. गोठ्यात हौशा दाराकडं बघत उभा असतो. त्यालाही आप्पाच हवेत. मी घातलेली पेंड तो खात नाही, उष्टावून ठेवतो. घरात मी एकटीच बरोबर आहे आणि सगळ्यांत एकटी मीच आहे.

मामांचा निरोप आलाय. पाडवा झाला की गाडी पाठवतो, चालत नसेल तर रहाट परत द्या, इकडं मागणी आहे.

चैत्र शुद्ध १, शके १८६६. गुढीपाडवा

हात धुऊन लिहायला बसले तरी बोटांना कुंकू आहे.

काल मिस्त्रींनी शेवटचे तीन दात बसवून दिले. आज पाडवा म्हणून सगळ्या अवजारांची पूजा केली. नांगर, कुळव, विळे. शेवटी रहाट. परत जाणार असला तरी आज घरचा आहे, त्याला उपाशी कशाला ठेवा! लोखंडी चाकाचा एक दात इतरांपेक्षा जरासा पुढं कललेला दिसला, जणू नैवेद्याला तोंड पुढं केलंय. त्यालाच तेलात कालवलेलं कुंकू चांगलं जाड लावलं. ह्यांनी हौशाला जुंपलं. पाच-सात फेऱ्या झाल्या असतील. मी हात जोडून उभी होते आणि सहज लाकडी चाकाकडं लक्ष गेलं.

तीन दात लाल. फक्त तीन. बाकीच्यांना कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही. आणि ते तीन कोणते, तर कालचे नवे कोरे पांढरे दात. तेच, जे रोज मोडतात.

मी ओरडले, "थांबवा!" हे घाबरले, त्यांना वाटलं माझा पदर अडकला. कुंकू पुसलं, पुन्हा त्या कललेल्या दाताला लावलं, पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा तेच तीन. मग शेजारच्या सरळ दाताला हळद लावली. हळद दुसऱ्या तिघांना लागली, पण तीनच.

तिथंच धावेच्या दगडावर कोळशानं मांडलं. आमच्या बाई शाळेत दृढभाजक शिकवायच्या तेव्हा मी पाटीवर फुलं काढायची. आज त्या भेटल्या तर पाया पडेन. बत्तीस आणि अठ्ठेचाळीस. दोघांना दोननं भाग जातो, चारनं जातो, आठनं जातो, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे सोळानं जातो. कललेला दात आधी पहिल्या लाकडी दाताला धडकतो. त्याची एक फेरी बत्तीस दातांची, म्हणून पुढं तेहेतिसाव्याला. आणखी बत्तीस म्हणजे पासष्ट, त्यातून मोठ्या चाकाचे अठ्ठेचाळीस गेले, उरला सतरावा. आणखी बत्तीस, आणि परत पहिला! पहिला, तेहेतिसावा, सतरावा. मधल्या कुणाला तो जन्मात भेटत नाही. दोन्ही चाकांत सोळाचं साटंलोटं आहे, म्हणून अठ्ठेचाळीसला सोळानं भागून जे तीन येतात, तेवढेच बिचारे त्या वाकड्याचा मार खातात. मोठ्या चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदा, दिवसभर.

दात आप्पांनी मोडले नाहीत. कुणीच मोडले नाहीत. सोळानं मोडले.

हे शेजारी उकिडवे बसून आकडे बघत होते. मी म्हटलं, "आता मी काय तोंड घेऊन जाऊ आप्पांपुढं?"

हे म्हणाले, "हेच घेऊन जा. दुसरं कुठलं हाय?"

चैत्र शुद्ध २

ताट घेऊन मठात गेले. पुरणपोळी, तूप, कढी. आप्पा ओट्यावर वळचणीला बसले होते. वाळलेले दिसले. मी ताट ठेवलं आणि बोलायला गेले तर रडूच आलं. सुनेनं सासऱ्याची माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तिथल्या फरशीवर कोळसा घेतला आणि बत्तीस, अठ्ठेचाळीस मांडायला लागले. रडत रडत दृढभाजक! मठातले स्वामी बघतच राहिले.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो वाकडा दात म्या पयल्या आठवड्यातच बघितला हुता. पर त्यो तिघांलाच का गाठतोय ते काय उमगंना."

"मग बोलला का नाहीत आप्पा?"

"काय बोलू? म्या म्हणलो असतो चाक वाकडं हाय, तर लोक म्हणले असते म्हातारा मोटंचं रडगाणं गातोय. आन् मग तू तोंडघशी पडली असतीस."

मी विचारलं, "मग पहाटे रहाटापाशी कशाला जात होता?"

ते पुरणपोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "वारं खायला." आणि बोलणं तिथंच संपलं. मी खोदलं नाही. एवढं खोदून झालं तेच पुष्कळ.

कललेला दात कानशीनं घासता येईल का, ते त्यांना विचारलं. म्हणाले, लोहाराला दाखवून झालंय. ओतीव लोखंड आहे, कानस लागत नाही आणि घण मारला तर चाकच फुटेल.

घरी आले माझ्याबरोबर. दारात शिरताच हौशा हंबरला. हे रस्त्याकडं पाठ करून उगाच दाव्याची गाठ सोडत बसले होते, ती संध्याकाळपर्यंत सुटली नसती.

चैत्र शुद्ध ४

मामांना निरोप धाडलाय की थोडं थांबा. हनीफ मिस्त्रींना बोलावलं. वाकडा दात सरळ होत नाही, तर मग त्याचा मार वाटून देऊ. मोठ्या चाकाचे दात बदलले की झालं.

मी ऐटीत म्हणाले, "पन्नास करा." आकडा कसा गोल! मिस्त्री मापं लिहायला लागले. मग मला कुठून बुद्धी झाली आणि मांडून पाहिलं. पन्नास आणि बत्तीस, दोघांत दोनचा भाग आहेच की! पन्नासपैकी पंचवीसच मार खाणार आणि पंचवीस सावलीत बसणार. जीभ चावली. एकोणपन्नास मात्र नामी. बत्तीस म्हणजे दोनला दोननंच गुणत जायचं, एकोणपन्नास म्हणजे साती साती. दोघांत एकाशिवाय काही सामाईक नाही. वाकडा दात सगळ्यांना गाठणार, पण एकेकाला मोठ्या चाकाच्या बत्तीस फेऱ्यांत एकदाच. पूर्वी दोन फेऱ्यांत एकदा होता. म्हणजे मार सोळा पटीनं कमी.

आप्पा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी एकच दात वाढवायचा?"

"व्हय आप्पा, एकच."

आता मिस्त्रींनी हात टेकले. "वैनी, अठ्ठेचाळीस म्या का केले? परकारानं गोल काढला, की तोच परकार घेरावर सा वेळा बसतो. सा चे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस. निम्मं निम्मं करत जायचं. एकोणपन्नास कुठल्या परकारानं काढू? माझ्या बापानंबी न्हाय काढले."

गणित सुटलं आणि सुतारकाम अडलं.

जाताना मिस्त्रींनी जुन्या चाकातले तीन दात उपसून काढले. मोडक्या दातांचा ढीगही मी जपून ठेवला होता. त्यांनी सगळे अंगणात मांडले आणि दोन वाटे केले. "ह्ये माझे," म्हणाले, "रंध्यानं तासलेले. आन् ह्ये माझे न्हायत. ह्ये विळतीनं, ल्हान्या विळ्यानं कोरलेत, बसून, मन लावून. वर एरंडेल पाजलंय." दुसऱ्या वाट्यातल्या प्रत्येक दाताच्या बुडाला नखाएवढं बेलाचं पान कोरलं होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक खुरप्याच्या मुठीवर तसंच पान आहे. आप्पांच्या हातचं.

तडकलेला दात दिसला की ते पहाटे उठून तो बदलत होते. मी उठायच्या आधी. माझा रहाट बंद पडू नये म्हणून. ते मठात गेल्यावर रोज दात का मोडायला लागले, ते आज कळलं. ढलप्या, एरंडेल, अंगठ्याची चिंधी, सगळं मी स्वतःच्या हातानं ह्या वहीत लिहून ठेवलंय. वाचताना लाजेनं कान तापले. पानं फाडून टाकावीशी वाटली. नाही फाडली.

चैत्र शुद्ध ५

एकोणपन्नासचा तिढा आज सुटला.

मी सकाळपासून डोकं धरून बसले होते. मग वाटलं, परकार हवाच कशाला? दातांमधलं अंतर तर लोखंडी चाकावर तयार आहे. त्याच्या दातांना काजळ फासायचं आणि एका लांब पट्टीवरून चाक गडगडवत न्यायचं. एक पुरी फेरी म्हणजे बत्तीस खुणा, वर आणखी सतरा. झाले एकोणपन्नास. तेवढी पट्टी कापून टोकाला टोक जुळवलं की जे कडं होईल, तेच नव्या चाकाचं माप. मिस्त्री उडालेच. "पर पट्टी न ताणणारी पायजे," म्हणाले. मी जुन्या लुगड्याचा काठ आणला, तो ताणला गेला. सुंभ आणला, त्यावर खुणा उमटेनात. पत्रा बाजारात नाही.

आप्पा उठून गोठ्यात गेले. आढ्याला टांगलेली मोट त्यांनी खाली काढली. रहाट आल्यापासून ती पोत्यात गुंडाळून ठेवली होती, आणि दर सोमवारी तेल पाजत होते. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हता. अंगणात मांडी घालून बसले. विळतीनं सोंडेपासून गोल गोल कापत निघाले, आंब्याची साल एका तुकड्यात सोलावी तशी. हे पुढं झाले होते, मग थांबले. वादी लांबत गेली आणि मोट संपत गेली.

मला राहवलं नाही. "आप्पा, दुसरं काहीतरी बघितलं असतं की."

"पानी काढायचंच चामडं हाय," ते म्हणाले. "पान्याच्याच कामाला लागलं."

वादीवर एकोणपन्नास काळ्या खुणा उमटल्या. मी मोजल्या, ह्यांनी मोजल्या, मिस्त्रींनी मोजल्या. आप्पांनी मोजल्या नाहीत. त्यांनी वादीवरून नुसता हात फिरवला.

चैत्र शुद्ध १३

नवं चाक काल बसलं. लाकूड मिस्त्रींचं, दात निम्मे मिस्त्रींचे आणि निम्मे बेलपानाचे. आज सकाळी मी मुद्दाम त्या वाकड्या दाताला कुंकू फासलं. पुसट झालं की पुन्हा लावत होते. विठाबाईही येऊन उभी होती, तिरशुळाचं काय झालं ते बघायला. हौशा फिरत राहिला. पहिल्यांदा एक दात लाल झाला, मग लांबचा दुसरा, मग तिसरा, आणि चौथा! चौथा लाल झाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सगळ्यांदेखत लाजले. उन्हं वर येईपर्यंत सगळं चाक लाल ठिपक्यांचं झालं होतं. पाणी पाटानं मळ्यात गेलं. पानं एका दिवसात हिरवी होत नाहीत, पण मला आजच तशी दिसायला लागलीत.

मामांना कळवलं, गाडी पाठवू नका.

आप्पा आडव्या दांड्यावर बसून हौशाला हाकत होते. मोटेची गाणी त्यांना चिक्कार येतात, पण रहाटाला ती जमत नाहीत म्हणे. मोट खाली जाते, वर येते, मध्ये दम घ्यायला जागा असते. रहाट थांबतच नाही. तरी दुपारी काहीतरी गुणगुणत होते. मी जवळ गेले की गप्प होत होते, म्हणून गेले नाही.

जेवायला बसले दोघं. मी वाढत होते. आज भिंतीकडं बघितलं नाही. आप्पांनी विचारलं, "त्यो वाकडा दात आता समद्यांला भेटतोय न्हवं?"

"व्हय आप्पा. समद्यांला. पाळीपाळीनं."

"बरं झालं. एकट्यावरच पडत राहिलं की माणूसबी मोडतं."

माझा हात थांबला. हे ताटात बघत होते. मी म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं." एवढ्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते दोन शब्दांत झालं.

आप्पांनी ताट जरासं पुढं सरकवलं. "त्या दिवशीची अर्धी भाकर राहिली हुती," म्हणाले. "वाढ."

मी अख्खी वाढली.